कबरींपाशी थांबलेला फेरा

अक्का आधी खाकरायच्या. समोर ना दार, ना फाटक. कडुलिंबाखाली गवतात बुडालेल्या शिपायांच्या कबरी आणि ढाल-तलवार कोरलेले दोन वीरगळ. तरी आत पाऊल टाकण्याआधी त्या थांबायच्या, पदर सावरायच्या आणि दुसऱ्याच्या घरी गेल्यासारख्या खाकरायच्या. "आत माणसं हायती. असं घुसू न्हाई."

आमच्या नौबादच्या कॉलनीची सहल काढायचे काम माझ्याकडे असते. पाणी, सतरंज्या, औषधाची पेटी, कोणाला पुढची सीट लागते, सगळे कागदावर. हुमनाबादच्या अलीकडचे ते जुने रणांगण पाहायला गेलो तेव्हा अक्का कागदावर नव्हत्या. वाट त्यांच्या शेतातून जाते, एवढेच ठाऊक होते. मी टिपण काढून वाचत होते: फौज कोणत्या माळावर उतरली, तोफा कुठे होत्या. अक्का विळा घेऊन ऐकत उभ्या होत्या.

"लढायच्या आधी जेवले व्हते का ते?" त्यांनी विचारले.

ते कुठे लिहिलेले नाही, असे मी म्हणाले.

"मग येवढं काय लिवून आणलाव?"

सगळे हसले, मीही हसले. अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. एक प्रश्न विचारून पुन्हा कामाला लागतात, आणि आपले टिपण हातातच राहते. कोण जिंकले हे त्यांनी कधीच विचारले नाही.

मग दर येळवशीला त्यांचे बोलावणे येऊ लागले. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला आमच्याकडे घरोघरची माणसे रानात जेवतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभारायची, पूजा करायची, शेंगाभाज्यांची पातळ भज्जी आणि बाजरीचे उंडे वाढायचे. पण जेवणाआधी शेताला फेरा. पुढचा माणूस आंबील शिंपडत आरोळी देतो, मागचा तिला जबाब देतो. जबाब आल्याशिवाय पुढचे पाऊल उचलायचे नाही. अक्कांचे मालक गेल्यापासून पुढे पुतण्या असायचा, मागे अक्का. आणि फेरा शेताच्या कोपऱ्यातल्या कबरींच्या पलीकडून जायचा, म्हणजे आंबील त्यांनाही मिळायची.

त्या वर्षी बसमधून उतरतानाच कळले की काहीतरी बिनसले आहे. अक्कांना मूल नव्हते, शेत आता पुतण्याचे होते. कबरींचा कोपरा सपाट करायला त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर सांगितला होता. खरे सांगते, मला त्याचे म्हणणे कळत होते. शेत लहान, खाणारी तोंडे वाढलेली, आणि त्या कोपऱ्यापायी औत दरवेळी अडायचे.

"ते आपले कोण लागतेत, काकू?" तो म्हणत होता.

"आपल्या रानात हायती," अक्का म्हणाल्या, आणि भाकरी उलटली.

फेरा निघाला. ज्वारीच्या कडेने पुतण्या पुढे, आरोळी, जबाब, आरोळी, जबाब. आम्ही कोपीपाशी उभे. कडुलिंब जवळ आला आणि पुतण्या कबरींच्या अलीकडूनच वळला. आज जिथे आंबील शिंपडायची तिथे उद्या लोखंड घालायचे, हे त्यालाही जड गेले असणार. म्हणून त्याने ती जागाच फेऱ्यातून वगळली. वळून त्याने आरोळी दिली.

जबाब आला नाही.

त्याने पुन्हा दिली. अक्का कबरींकडे तोंड करून उभ्या होत्या, ओठ मिटलेले. आमच्यातले एक गृहस्थ मदत म्हणून तोंड उघडणार, तेवढ्यात मी त्यांचा दंड धरला. पत्रावळी मांडलेल्या होत्या. भज्जीवर साय धरत होती. पुतण्याच्या बायकोने हातातली पळी खाली ठेवली.

"काकू, कामून गप झालीस? लोक जेवायचे थांबल्यात."

"ह्ये बी थांबल्यात," अक्का म्हणाल्या.

त्याच्या मानेची शीर मला तिथून दिसत होती. वाटले, आता मडके आपटतो. त्याने ते या हातातून त्या हातात घेतले. अक्का हलल्या नाहीत, विनवल्या नाहीत. शेवटी तो मागे फिरला. कबरींच्या पलीकडून, मान खाली घालून, आंबील शिंपडत गेला. त्याची आरोळी पुटपुटल्यासारखी आली. अक्कांचा जबाब मात्र पार रस्त्यापर्यंत गेला असेल.

जेवताना अक्कांनी त्याला पहिल्यांदा वाढले, दुसऱ्यांदाही. हात धुतल्यावर तो बांधावर गेला आणि फोन लावला. "उद्या येऊ नगस," एवढे आम्हाला ऐकू आले. अक्का भांडी आवरत होत्या. त्यांनी मागे वळून पाहिले नाही.

पुढच्या येळवशीला अक्का नव्हत्या. पावसाळ्यात आजारी पडल्या आणि गेल्या. मी या खेपेला सहलीच्या कागदावर येळवस लिहिलीच नव्हती. पण पुतण्याचा फोन आला: "या म्हणलं तं या, ताई. काकू असती तं बोलावली असती."

गेलो. फेऱ्याला तो एकटाच निघाला. मागे कोण येणार, असे बायकोने विचारले. त्याने नुसता हात हलवला. कडुलिंबापाशी पोचला, थांबला, मडके छातीशी धरले आणि खाकरला. मग कबरींच्या पलीकडून गेला. तिथे उभे राहून त्याने आरोळी दिली, आणि अक्कांना जबाब द्यायला जेवढा वेळ लागला असता तेवढा थांबून पुढचे पाऊल टाकले.