एक तारखेच्या तक्रारी

आमच्या काकांना सगळे शाईकाका म्हणत. कागदावरची शाई किती जुनी आहे, हे सांगण्याची त्यांची सरकारी नोकरी. कोर्टात त्यांच्या शब्दाला वजन होतं. घरात मात्र त्यांचं कोणी ऐकत नसे, कारण काकू बोलायची थांबली तर ऐकणार ना!

कागदावर उतरलेल्या शाईतला द्रव वर्ष-दोन वर्षं हळूहळू उडत राहतो. त्यावरून वय ठरवायचं, तर ताडून बघायला खऱ्या तारखांचे नमुने लागतात. म्हणून आठ वर्षं दर एक तारखेला काका बाजारातल्या प्रत्येक पेनाने एकेक ओळ लिहून कपाटात ठेवत. ओळीत काय लिहिता, हे कधी कोणी विचारलं नाही. तिथेच घोडं पेंड खात होतं.

काकूची मैत्रीण नवऱ्याच्या दुकानात शिवणकाम करायची. तिचा नवरा जाऊन दोन वर्षं झाली आणि दिराने एक कागद काढला: भावाने आठ वर्षांपूर्वीच दुकान माझ्या नावावर लिहून दिलंय. काका म्हणाले, शाई सहा महिन्यांची आहे. म्हणजे सही करायला मेलेला माणूस उठून आला होता!

दिराचा वकील बेरकी. "तुमचे हे जुने नमुने तुम्ही मागच्या आठवड्यात एका बैठकीत खरडले नाहीत कशावरून?"

नमुने बाद झाले की बिचारीचं दुकान गेलंच. न्यायाधीश म्हणाले, "वाचा बघू."

काकांनी मागे पाहिलं. मैत्रिणीला धीर द्यायला काकू मला घेऊन पहिल्याच बाकावर बसली होती.

"साहेब, मनातल्या मनात वाचलं तर?"

"मोठ्याने."

काका वाचू लागले. "मार्च. भाजीत मीठ नाही. बोललो असतो, पण जीव प्यारा आहे. एप्रिल. मेहुणा येऊन सतरा दिवस झाले. चपलांकडे बघतही नाही. मे. मेहुणा आहेच. मीठ नाहीच."

"बघा, साहेब! सगळं एका बैठकीत रचलेलं!" वकील ओरडला.

काकू ताडकन उठली. मला वाटलं, संपले काका.

"ह्यांना एका बैठकीत एवढं बोलता आलं असतं, तर हे आठ वर्षं कागदाशी कशाला बोलत बसले असते?"

न्यायाधीशांनी तिला दटावून खाली बसवलं, पण त्यांनाही हसू आवरेना. नमुने मान्य झाले, दुकान वाचलं. घरी येईपर्यंत काकू एक अक्षर बोलली नाही. मला काकांची फार दया आली.

पुढच्या एक तारखेला काका जेवणाच्या टेबलावरच नवा नमुना लिहायला बसले. त्यांनी लिहिलं, 'आजची भाजी उत्तम.'

काकूने चष्मा लावून वाचलं. "बनावट," ती म्हणाली आणि मिठाची बरणी त्यांच्यापुढे सरकवली.