रस्त्यापलीकडचा भाऊ

आर्डेल बोडविनने आपल्या सख्ख्या भावाला शेजारच्या गावात धाडून दिलं, आणि त्यासाठी तिला खुर्चीवरून उठावंही लागलं नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, कॉफीचा मग हाताशी ठेवून तिने हे काम उरकलं. भावाला ते कळलं एप्रिलच्या मतदानाच्या दिवशी, भर टाउन हॉलमध्ये, चारचौघांसमोर.

आर्डेल ही आमच्या नोव्हीलची क्लार्क. विस्कॉन्सिनच्या आमच्या या कोपऱ्यात क्लार्क म्हणजे कुणी साहेब नव्हे. या जागेवर निवडून यावं लागतं, पण तिच्याविरुद्ध उभं राहायची हौस आजवर कुणाला झालेली नाही. कचेरी म्हणजे तिचं स्वयंपाकघर. कुत्र्यांचे परवाने फ्रीजवर, गावाचा शिक्का पावाच्या डब्यात. पाचोळा जाळायची परवानगी हवी असेल तर मागच्या दाराने यायचं, बूट बाहेर काढायचे, आणि ती देईल ते खायचं. नवरा एमिल गेल्यावर लोकांना वाटलं, आता ही काम सोडेल. तिने उलट टेबल मोठं केलं.

तिला वाढवलं ते तिच्या भावाने. बाप चीजच्या कारखान्यात बॉयलर फुटून गेला तेव्हा ती शाळकरी पोर होती आणि क्लेटस हर्लाश नुकता मिसरूड फुटलेला. त्याने शाळा सोडली, गाई सांभाळल्या, आणि बहिणीच्या वेण्यासुद्धा घातल्या. वाईट घातल्या, पण घातल्या. आता तो ऐंशीला टेकला होता. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. दर रविवारी प्रार्थनेनंतर तो आर्डेलकडे जेवायचा. मीठ कमी आहे असं दर रविवारी म्हणायचा, आणि दोनदा वाढून घ्यायचा.

नोव्हीलमध्ये तोवर मतदारयादी नव्हतीच. पाच हजारांच्या आतल्या गावाला नोंदणीची सक्ती नाही, असा राज्याचा जुना कायदा. माणसाने यायचं, टोपी काढायची, टेबलामागच्या बाईने त्याचं नाव लिहून घ्यायचं आणि मतपत्रिका द्यायची. नाव विचारायचा रिवाज नव्हता. चुकून विचारलंच तर उत्तर यायचं, "का गं, माझ्या बापाच्या दफनाला जेवायला आली होतीस ना?" मग तिकडे फ्लोरिडात मतमोजणीचा घोळ झाला, वॉशिंग्टनला जाग आली, आणि प्रत्येक राज्याने संगणकात एकच मोठी यादी करायची असं ठरलं. राजधानी मॅडिसनला कायदे बदलले. पाप फ्लोरिडाचं, प्रायश्चित्त नोव्हीलला.

नवा कायदा सरळ होता. प्रत्येकाची नोंद, प्रत्येक घराचा नंबर. यादीत नाव नसेल तर मतपत्रिका नाही, मग तो पोप का असेना.

आर्डेलने हे मनावर घेतलं. एमिलच्या जुन्या ट्रकमधून तिने सगळं गाव पालथं घातलं आणि अग्निशमनवाल्यांना घर सापडावं म्हणून रस्त्याकडेला ठोकलेल्या हिरव्या पाट्यांवरचे नंबर वहीत उतरवून घेतले. गावाच्या पूर्वेला लाइन रोड आहे. हा रस्ता म्हणजेच शीव. पश्चिमेची कड आमची, पूर्वेची लिंडेनबर्गच्या जर्मनांची. तिथे तिने पाट्यांचे दोन गट केले, अलीकडच्या आणि पलीकडच्या. घरी येऊन अलीकडचे नंबर संगणकात घातले आणि पलीकडचे लिंडेनबर्गच्या क्लार्कला पाठवून दिले. ज्या बाजूला पाटी त्या बाजूचं गाव, हा तिचा नियम. तीनशे घरं झाल्यावर माणूस घरं बघत नाही, पाट्याच बघतो.

क्लेटसचं घर रस्त्याच्या अलीकडे. पाटी पलीकडे.

पाटी पलीकडे का, हे आख्खं गाव जाणत होतं. अलीकडे होती तेव्हा दर हिवाळ्यात आडवी व्हायची. क्लेटस म्हणायचा, गावाची बर्फगाडी चालवणारा रोमन डेल्व्हो ती पाडतो. रोमन म्हणायचा, मी नाही, वारा. शेवटी क्लेटसने खांब उपटला आणि वैतागून रस्त्यापलीकडे नेऊन पुरला. त्याच उन्हाळ्यात चर्चच्या जत्रेत, बूया नावाच्या रश्श्याच्या कढईभोवती गाव जमलेलं असताना, तो मोठ्याने म्हणाला, "वारा पिऊन गाडी चालवत नाही. रोमन चालवतो." त्यानंतर सहा वर्षं दोघे एकमेकांशी बोलले नव्हते.

मतदानाच्या दिवशी पहाटेपासून ओला, जड बर्फ पडत होता. एप्रिलमधला बर्फ परत निघालेल्या पाहुण्यासारखा. दारात उभा राहून जास्तच बोलतो. बाराच्या सुमारास क्लेटस बूट झटकत आत आला. आर्डेलशेजारी इमोजीन जडॅं यादी घेऊन बसली होती. ही गावातली निवृत्त शिक्षिका. अर्धं गाव अजूनही तिच्यासमोर खिशातून हात काढून उभं राहतं.

"हर्लाश," इमोजीनने बोट खाली फिरवलं. "डेव्हिड आहे. जोन आहे." बोट थांबलं.

"पुढे बघ," आर्डेल म्हणाली.

"पुढे हॉफमन लागतात."

"मी हॉफमन नाही," क्लेटस म्हणाला. मागे रांगेत कुणीतरी खुसखुसलं.

आर्डेलने यादी ओढून घेतली. एकदा वाचली, पुन्हा वाचली, आणि मग तिला लाइन रोड दिसला, हिरवी पाटी दिसली, लिंडेनबर्गला पाठवलेलं पाकीट दिसलं. तिचा हात आपोआप मतपत्रिकांच्या गठ्ठ्याकडे गेला. बावीस वर्षं तो असाच जात आला होता. इमोजीनने गठ्ठ्यावर पंजा ठेवला.

"यादीत नाही, आर्डेल."

"माझा भाऊ आहे तो."

"ठाऊक आहे. मी त्याच्याबरोबर नाचलेय. यादीत नाही."

"असं नाव नसलं तर इथेच नोंद करता येते," आर्डेल घाईने म्हणाली. "क्लेटस, लायसन्स काढ."

लायसन्सवर तोच नंबर. आणि तो नंबर आता कायद्याच्या लेखी लिंडेनबर्गचा. आर्डेलने ते उलटंसुलटं करून पाहिलं. राहता राहिला एकच मार्ग.

"साक्षीदार लागेल," ती म्हणाली. "नोव्हीलचा मतदार. टेबलामागच्या आम्हा दोघींना चालत नाही."

"साक्षीदार कशाला?"

"तू राहतोस ते सांगायला."

"कुठे?"

"तुझ्या घरी."

क्लेटसने तिच्याकडे बघितलं. रांगेतून दोघे-तिघे पुढे सरले. "मी करतो सही, त्यात काय," एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, "क्लेटस, तुझं घर लिंडेनबर्गला गेलं तर आता सॉसेज नीट करायला शिक." हे त्याने बोलायला नको होतं.

"ते घर माझ्या आजोबाने बांधलंय," क्लेटस म्हणाला. "मी तिथे जन्मलो. मी माझ्या पलंगावर झोपतो याला साक्षीदार आणू? ह्याला?" मग बहिणीकडे वळून तो हळू आवाजात म्हणाला, आणि हळू आवाज हे त्याचं वाईट लक्षण. "मला पलीकडे तूच पाठवलंस ना?"

"मीच," आर्डेल म्हणाली.

"मग ठीक. मी या गावचा नाही. आज मत न देता गेलो, तर रविवारी माझं ताट मांडू नकोस. परगावच्या माणसाला कशाला जेवायला घालतेस."

त्याने टोपी घातली आणि तो गेला.

दुपार सरता सरेना. आर्डेलला टेबल सोडता येत नव्हतं. लोक येत होते, पत्रिका घेत होते, खोकत होते, बर्फाला शिव्या देत होते. तिने क्लेटसला फोन लावला. वाजून वाजून थांबला. मत देऊन निघालेल्या एकाला तिने हात जोडले, क्लेटसला घेऊन ये म्हणून. तो तासाभराने परत आला. "त्याच्या घराच्या वाटेच्या तोंडाशी गाडी ठेवून चालत गेलो," तो म्हणाला. "पडद्याआडून बघितलं त्याने, आणि दिवा मालवला." आर्डेलने घरून आणलेला जेवणाचा डबा तसाच झाकलेला होता. इमोजीनने एकदा तो तिच्यापुढे सरकवला, एकदा परत बाजूला केला.

"तू मला ती पत्रिका देऊ द्यायला हवी होतीस," आर्डेल म्हणाली.

"हो. आणि त्याचं मत पहिल्याच तक्रारीत रद्द झालं असतं, वर तुझी चौकशी," इमोजीन म्हणाली. "तो नुसता रुसलाय. गुन्हेगार नाही."

"तुला तो रुसला की काय होतं ते माहीत नाही."

"मी तुला म्हटलं ना, नाचलेय."

संध्याकाळी रोमन डेल्व्हो आला. पहाटेपासून गाडीवर होता; भुवयांवर बर्फ, डोळे लाल. मतदान आठला बंद व्हायचं, आणि हॉलमध्ये आता चिटपाखरू नव्हतं. त्याचं नाव यादीत होतं. इमोजीन पत्रिका काढू लागली, तेवढ्यात आर्डेल म्हणाली, "रोमन, क्लेटसला घेऊन ये."

रोमनला वाटलं, ती थकव्याने बरळतेय. "कुणाला?"

तिने सगळं सांगितलं. पाटी, पाकीट, रविवार. "त्याच्या घराची वाट बर्फाने बुजलीय. तुझ्या गाडीशिवाय कुणी पोचत नाही."

"तो मला दारात उभं करणार नाही."

"माहीत आहे."

"आणि पाटी पलीकडे गेली ती..." रोमन हातातल्या हातमोज्यांकडे बघत राहिला. मोज्यांतून पाणी गळत होतं. आर्डेलने त्या क्षणी एक शब्द जरी काढला असता, तरी तो मत देऊन घरी झोपायला गेला असता.

"माझी पत्रिका बाजूला ठेव," तो म्हणाला.

"बाजूला ठेवता येत नाही," इमोजीन म्हणाली. "आठच्या आत दारात पाऊल पडलं तर मिळेल. तुलाही आणि त्यालाही."

तो गेला. गाडीचा खडखडाट लांब गेला आणि बर्फात विरला. आर्डेल खिडकीशी जाऊन उभी राहिली, परत येऊन बसली, परत उठली. इमोजीन भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं टाळत होती, म्हणजे तिलाही वेळ चांगलाच ठाऊक होता. मोठा काटा बारापासून बोटभर दूर होता तेव्हा बर्फगाडीच्या पिवळ्या दिव्याचा झोत भिंतीवरून फिरला. गाडी थांबली. दार आपटलं. मग काहीच नाही.

आर्डेलने दार उघडलं. क्लेटस पायऱ्यांशी उभा होता, दोन्ही हात खिशात. रोमन त्याच्यामागे, चार हात अंतर राखून.

"क्लेटस, आत ये."

"येतोय."

"लवकर ये."

"ऐंशी वर्षांचा आहे मी. घसरलो तर कुठल्या गावात पडलो म्हणून लिहाल?"

एक पायरी. दुसरी. इमोजीन खुर्चीतून उठून उभी राहिली होती. क्लेटसचा बूट उंबऱ्याच्या आत आला, रोमनचा त्याच्या टाचेवर, आणि इमोजीन म्हणाली, "बंद."

"मी मत द्यायला आलेलो नाही," क्लेटस टोपी काढत म्हणाला. "हा काहीतरी सांगणार आहे म्हणाला. ते ऐकायला आलोय."

इमोजीनने साक्षीचा कागद रोमनपुढे ठेवला आणि शाळेतल्या आवाजात विचारलं, "हा माणूस नोव्हीलमध्ये राहतो हे तुम्हाला कशावरून माहीत?"

"लाइन रोडची पश्चिमेची कड मी साफ करतो. पूर्वेची त्यांची गाडी करते."

"पुढे."

"याच्या दाराशी पश्चिमेच्या कडेला खांब होता. नंबराचा."

"होता म्हणजे?"

रोमनने हातमोजे खिशात कोंबले. "मी पाडला."

क्लेटस त्याच्याकडे वळला.

"किती वेळा?" हे क्लेटसने विचारलं. सहा वर्षांतलं पहिलं वाक्य.

रोमन इमोजीनकडेच बघत राहिला. "त्याला सांगा, तीनदा."

"आणि वारा?"

"वारा एकदा होता. पहिल्यांदा." रोमन कागदाकडे वळला. "पण प्यायलेला नव्हतो. खांब रस्त्याच्या फार जवळ पुरला होता."

"हे लिहून घे, इमोजीन," क्लेटस म्हणाला.

"एवढं लिहायला जागा नाही. इथे राहतो एवढंच लिहायचंय."

रोमनने सही केली. क्लेटसने आपली सही केली, सावकाश, पूर्ण नावानिशी. पत्रिका घेऊन तो पडद्यामागे गेला आणि आत इतका वेळ रेंगाळला की आर्डेलला वाटलं, रागावून मागच्या दाराने गेला की काय. मग पत्रिका लाकडी पेटीत पडल्याचा आवाज आला. आर्डेलने डोळे पुसले. इमोजीनने ते पाहिलं नाही, म्हणजे पाहिलं आणि रोमनची पत्रिका काढायला घेतली.

"रविवारी?" आर्डेलने विचारलं.

"मीठ नीट घाल," क्लेटस म्हणाला.

"त्याचे आभार मान."

क्लेटसने टोपी डोक्यावर नीट बसवली. रोमन त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. "शुक्रवारी एक ब्रँडी माझ्याकडून, म्हणावं त्याला."

"ऐकलं म्हणावं," रोमन म्हणाला.

आणि दोघे एकाच गाडीत बसून, एकमेकांशी न बोलता, निघून गेले.

लिंडेनबर्गच्या क्लार्कने आठवड्याच्या आत क्लेटसचं नाव परत पाठवलं, वर एक चिठ्ठी: माणूस आम्ही ठेवून घेतला असता, पण त्याच्या तोंडाची ख्याती इथवर आलीय. आर्डेलने ती चिठ्ठी भावाला दाखवली नाही.

जून लागला. दर शुक्रवारी गाव तळलेले मासे खायला बारमध्ये जमतं. क्लेटस काउंटरच्या एका टोकाला, रोमन दुसऱ्या टोकाला, मधल्या टेबलाशी आर्डेल. बारवाली दर वेळी ब्रँडीची बाटली उचलते आणि क्लेटसकडे बघते.

"आज नको," क्लेटस म्हणतो, रोमनला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "आज तो गाडी घेऊन आलाय."