हौदातलं बिऱ्हाड

भीमसिंग राठोड यांनी दिग्रसच्या एका कॉलेजात, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत, एकतीस वर्षं परिचर म्हणून काढली. त्यातल्या निम्म्याहून जास्त वर्षांत त्यांचं मुख्य काम एकच, बेडूक आणणं. नाल्याकाठी जाळी टाकायची, ओल्या पोत्यात बेडूक भरायचे, क्लोरोफॉर्मच्या बरणीत सोडायचे, मग मेणाच्या ट्रेवर टाचण्यांनी उताणे लावून मुलांपुढे ठेवायचे. पुढे चिरफाड बंद झाली. पण बेडकाच्या हृदयाला कप्पे किती, पित्ताशय कुठे, हे भीमसिंगांनी झोपेतही सांगितलं असतं. जिवंत बेडूक दिवसभर करतो काय, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी शेजारच्या घनश्यामने घर वाढवायला काढलं आणि परसातली जुनी विहीर बुजवायला घेतली. मुरमाची ट्रॉली उभी होती. भीमसिंग सहज डोकावले. खोल तळाशी हातभर पाणी, आणि त्या पाण्यावर डोळे. नुसते डोळे, जोडीजोडीने वर आलेले.

"घनश्याम, थांब जरा."

"काय झालं, काका?"

"खाली जीव हायेत."

काठीला मच्छरदाणी बांधून, दोरानं बादली सोडून, सात बेडूक वर आले. घरी मानीबाई मिरच्या निवडत होत्या. बादली पाहून त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"रिटायर झाल्यावर बी बेडकंच?"

"हे कापाचे नाहीत."

"मंग आणले कायले?"

भीमसिंग बादली घेऊन तसेच मागं गेले. मागच्या अंगणात गुरांचा सिमेंटचा हौद रिकामा पडला होता. तो त्यांनी नळाच्या पाण्यानं काठोकाठ भरला आणि बेडूक सोडले. सकाळी त्यातले दोन मरून, पाय पसरून तरंगत होते. भीमसिंग हौदाच्या कडेला बसून राहिले. मानीबाई मागं येऊन उभ्या राहिल्या.

"नळाच्या पाण्यात दवा असते," त्या हळूच म्हणाल्या. "माह्या हातालेच चरचरते. तेयची कातडी तं किती नाजूक."

बेडूक कातडीनंही श्वास घेतो, हे वाक्य भीमसिंगांनी वर्गात मागं उभं राहून दरवर्षी ऐकलं होतं. कळलं त्या सकाळी.

मग पाणी ड्रममध्ये दोन दिवस उघडं ठेवून वापरायला लागले. हौदात अर्ध्या भागात विटा आणि माती टाकून जमीन केली, तिच्यापासून पाण्यापर्यंत सपाट दगडांची उतरण लावली, लपायला फुटक्या माठाचा अर्धा भाग पालथा घातला. वरून जाळी, कारण हे प्राणी पाण्यावरून पळाल्यासारखे उड्या घेत. हात साबणाचा किंवा मिरचीचा असला तर हौदाजवळ यायचं नाही, हा नियम मानीबाईंनी केला. खाणं मेलेलं चालत नसे. हलेल तेच ते पाहत. औषध फवारलेल्या कपाशीच्या पऱ्हाटीतले किडे नकोत म्हणून मानीबाई आपल्या भेंडीच्या वाफ्यातले नाकतोडे पदरात धरून आणू लागल्या. आणताना कुरकुरत, पण रोज आणत.

दुपारी भीमसिंग निंबाखाली खुर्ची टाकून बसत. पाण्यावरचा उजेड भिंतीवर हलायचा, तिथून त्यांच्या सदऱ्यावर उतरायचा. अर्धं अंग पाण्यात, अर्धं दगडावर ठेवून बेडूक बसलेले असत. त्यांचा गळा तेवढा धडधडे. पाहता पाहता भीमसिंगांचाही श्वास त्या लयीत जाई. एकदा त्यांना डुलकीत वाटलं, आपण गळ्यापर्यंत कोमट पाण्यात बसलो आहोत, वर हिरवं आभाळ आहे आणि कुठे जायचंच नाही. जाग आली तेव्हा चहा निवला होता. मानीबाई बाजूच्या बाजेवर बसल्या होत्या, त्यांनी हाक मारली नव्हती.

एप्रिलमध्ये ऊन असं तापलं की हौदावर ओली पोती टाकावी लागली. एक दिवस पाचही बेडूक दिसेनात. पाण्यात नाहीत, माठाखाली नाहीत. जाळी तर शाबूत.

"चिखलात शिरले असन," मानीबाई म्हणाल्या. "उकरून पाहून घ्या."

भीमसिंगांनी खुरपी उचलली. ओल्या मातीवर टेकवली. बराच वेळ तशीच धरून बसले. जन्मभर उघडूनच पाहिलं होतं. त्यांनी खुरपी बाजूला ठेवली.

"राहू दे. झोपू दे तेयले."

दोन महिने ते त्या मातीवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपत राहिले. खाली कोणी आहे की नाही, याची खात्री नव्हती.

आषाढात एका सकाळी चिखल हलला. एक निघाला, मग दुसरा. एकूण चार. पाचव्याची त्यांनी बरेच दिवस वाट पाहिली. पंधरवड्यानं काठाच्या पाण्यात काळे ठिपके, बेडकांची पिल्लं, वळवळताना दिसले, आणि भीमसिंगांनी जाळी काढून टाकली. पिल्लं माठात घालून ते घनश्यामच्या शेततळ्यात सोडून आले. मोठ्यांतले दोन निघून गेले, दोन हौदातच राहिले.

आता ओळखीचे लोक बेडूक दिसला की त्यांनाच विचारतात. परवा कळंबहून इंदूबाईंचा, मानीबाईंच्या बहिणीचा, फोन आला. कुलरच्या टाकीत बेडूक बसला होता.

"पाणी फेकू नका," भीमसिंग म्हणाले. "अन् तेयले हात नका लावू. मी येऊन राह्यलो."

मानीबाईंनी न विचारता डबा भरला, झाकणाला खिळ्यानं भोकं पाडली, आणि स्वतःची चप्पल शोधू लागल्या.