हातचा परत करणारे आतोबा

घेतलेली वस्तू परत करण्याच्या बाबतीत माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, यांच्याइतका काटेकोर माणूस अख्ख्या मराठवाड्यात झाला नसेल, आणि याच सद्गुणापायी त्यांची मास्तरकी जायची वेळ आली होती. शेजारची चाळण आणली तर ती पुसून, आत मूठभर शेंगा घालून परत करत आणि संध्याकाळी पुन्हा जाऊन विचारत, "वहिनी, चाळण पोचली न्हवं?" एकदा आत्यानं ती आधीच नेऊन दिली होती. आतोबांना घरात चाळण दिसली. ही शेजारचीच असणार असं धरून त्यांनी घरचीही तिकडे पोचवली. आत्यानं दोन दिवस कोंड्यासकट भाकरी थापल्या.

तेर गावाच्या अलीकडे एका वाडीत दोन मास्तरांची शाळा होती. आतोबा निजामाच्या अमदानीपासून तिथं होते आणि गणित उर्दूतून शिकलेले होते. निजामाचं राज्य गेलं, शाळा मराठी झाली, तरी वजाबाकी म्हणायच्या ऐवजी त्यांच्या तोंडून 'तफरीक' निघायचंच. वर्गातली मुलं मोजताना ते स्वतःलाही धरत, आणि एक पोर जास्त का भरलं म्हणून दोनदोनदा हजेरी घेत. मी ट्रेनिंग करून त्याच शाळेत लागलो तेव्हा वरून हुकूम आला होता. ट्रेनिंग नसलेल्या जुन्या मास्तरांचं शिकवणं साहेब येऊन पाहणार; पसंत पडलं तर नोकरी कायम, नाहीतर घरचा रस्ता. आतोबांनी धास्तीच घेतली. "अरे, तुमची ती नवी रीत मला जरा सांगून ठेव," म्हणाले.

मी सांगितली, आणि तिथंच घोळ केला. बावन्नातून सत्तावीस घ्या. आतोबांच्या जुन्या रीतीत दोनातून सात जात नाहीत, म्हणून बारातून सात काढायचे, राहिले पाच. हातचा एक खालच्या दोनात मिळवला की झाले तीन. पाचातून तीन गेले, दोन. पंचवीस. नव्या रीतीत खाली काहीच मिळवायचं नाही. वरच्या पाचातला एक दशक सोडवून आणायचा, तिथं चार ठेवायचे, आणि चारातून दोन काढायचे. तेच पंचवीस. मला घाई होती. वरचा एक कमी करा हे सांगितलं. खाली मिळवायचं आता सोडा, हे सांगायचं राहूनच गेलं. आतोबांनी वरचा एक कमी केला आणि मुलांना बजावलं, "दशकाच्या घरनं एक आणलाय, तो खाली परत द्यायला नको का? रीतभात हाय का न्हाई?" मग चारातून तीन गेले, उरला एक. सगळा वर्ग एका सुरात पंधरा म्हणू लागला. भिंतीपलीकडून मला तो गलका ऐकू यायचा आणि वाटायचं, वा, काय जोरात चाललंय!

तपासणीचे साहेब आले त्या दिवशी मीही आतोबांच्या वर्गात उभा होतो, आणि सगळं छान चाललं होतं. मुलांनी पाढे म्हटले, कविता म्हटली. साहेब उठणार, तेवढ्यात एक मेंढरंवाला दारात येऊन उभा राहिला. "गुरुजी, बावन्न मेंढरं व्हती. सत्तावीस भावाकडं गेली. पोरगी पाटीवर करून म्हनती पंधराच ऱ्हायली. म्या मोजली तर पंचवीस भरत्यात. ही जास्तीची धा कुनाची?"

आतोबा ताडकन उठले. "आधी ज्याची त्याला देऊन टाका!"

साहेबांनी त्यांना फळ्यापाशी पाठवलं. आतोबांनी खडूनं पाच खोडून चार केले, दोनाचे तीन केले आणि पंधरा लिहून समाधानानं हात झटकले. मग आकड्याकडे पाहिलं, मेंढरंवाल्याकडे पाहिलं, आणि चेहरा उतरला. "साहेब, मेंढरं तर खोटं बोलणार न्हाईत," ते हळूच म्हणाले.

"ही रीत तुम्हाला शिकवली कोणी?"

मी पायाच्या अंगठ्याकडे बघत उभा राहिलो. आतोबांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "सांगणाऱ्यानं नीटच सांगितलं होतं. गोंधळ माझ्या डोक्यात झाला."

सहा महिन्यांनी पुन्हा पाहू, तोवर यांच्या दुसरीला गणित तुम्हीच शिकवा, असं मला बजावून साहेब गेले. दुसऱ्या दिवशी मी फळ्याकडून वळलो तर मुलांच्या मागं, भिंतीला टेकून, आतोबा पाटी घेऊन मांडी घालून बसलेले. मला जन्मभर 'अरे' म्हणणाऱ्या त्या माणसानं बोट वर केलं. "गुरुजी, तुम्ही ते परत एकदा सांगता का?"

सहा महिन्यांनी ते कायम झाले. पण मला आठवतो तो त्याआधीचा एक दिवस. पंचवीस बरोबर आले तेव्हा त्यांनी मुलांसारखं रांगेत उभं राहून माझ्याकडून पाटीवर खूण करून घेतली. चूक माझी होती, हे तेव्हाच सगळ्यांसमोर बोलायला हवं होतं, बोललो नाही. आतोबा ती पाटी पुसू न देता, शर्टाला लागू न देता घरी घेऊन गेले. आत्याला अक्षर येत नव्हतं. तिनं ओला हात पदराला पुसला, पाटी दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ पाहिली आणि म्हणाली, "भाच्यानं शिकवलं व्हय?"

"व्हय," आतोबा म्हणाले. "लई चांगलं शिकवतो."