दुसऱ्या ग्लासला चार गुण

व्हिस्कीच्या त्या कारखान्यात त्यांना सगळे नाकसाहेब म्हणत. पिंपात मुरलेली दारू बाटलीत भरण्याजोगी झाली की नाही, हे ते नुसतं हुंगून सांगत. बावीस वर्षं त्यांच्या शब्दापुढे कुणी गेलं नव्हतं. या नाकासाठी त्यांनी घरादाराला पथ्य लावलं होतं. जेवणात कच्चा कांदा नाही, घरात अत्तर नाही. बायको बिचारी लग्नापासून बिनवासाच्या साबणाने अंघोळ करत होती.

त्यांचा साडू, म्हणजे धाकट्या मेव्हणीचा नवरा, तिथेच गोदामात पिंपं हलवायचा. नोकरी नाकसाहेबांनीच लावून दिलेली. हा गडी दिवसाला दहा सिगारेटी फुंकणारा, डब्यात रोज लसणीचं काहीतरी. एक दिवस पिंप ढकलता ढकलता थांबला आणि म्हणाला, "याला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतोय."

ते पिंप नाकसाहेबांनी आदल्याच आठवड्यात पास केलं होतं. उघडून पाहिलं तर आतली एक फळी बुरसटलेली निघाली. महिन्याभरात कारखान्याच्या मोठ्या बाईंनी साडूला चाखणीच्या खोलीत आणून नाकसाहेबांच्या शेजारी बसवलं.

तेव्हापासून ते त्याला पाण्यात पाहू लागले. जे मिळवायला आपण आयुष्यभर तोंड बांधून बसलो, ते याला धुराड्यातून फुकट मिळालं, हे काही त्यांच्या घशाखाली उतरेना. घरी बायकोने बहिणीचा विषय काढला की ते टीव्हीचा आवाज वाढवत.

मग कारखान्याने एक स्वस्त सिंगल माल्ट, म्हणजे नुसत्या सातूची व्हिस्की, काढायची ठरवली. ज्याने असली व्हिस्की कधी चाखलीच नाही, त्याने पहिल्यांदा उचलावी अशी बाटली. नमुने तीन, तिघांनी बनवलेले, आणि त्यातला एक साडूचा. रंग दिसू नये म्हणून निळ्या काचेचे ग्लास मांडले होते. वर नुसते आकडे.

दुसऱ्या ग्लासवरची झाकणी उचलताच नाकसाहेबांनी ओळखलं, ही साडूचीच. आधी पिकल्या नाशपातीचा वास, मागून भाजलेल्या सातूचा. त्यांनी चमचाभर पाणी घातलं, घोट जिभेवर फिरवला. मधासारखी गोडी आली, आणि शेवटाला हलकीशी खारट चव रेंगाळत राहिली. वय कमी असूनही कुठे बोचत नव्हती. अशी व्हिस्की आपल्याला जमली असती का, हा प्रश्न मनात आला. घोट त्यांनी थुंकपात्रात टाकला, कागद ओढला आणि लिहिलं, 'शेवट तुरट. लाकूड फार. दहापैकी चार.'

बाकी चौघा परीक्षकांनी आठ-आठ गुण दिले होते. पण प्रमुख परीक्षक नाकसाहेबांनीच नाक मुरडलं म्हटल्यावर मोठ्या बाईंनी नमुना बाजूला ठेवला.

दोन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, साडू हातात छोटी बाटली घेऊन घरी आला. चेहरा उतरलेला.

"दादा, तो तुरटपणा मला दाखवा," तो म्हणाला. "रोज चाखतोय, सापडत नाही. सिगारेट सोडली, लसूण सोडली. आता तर काहीच धड कळेना. मी बाईंना सांगणार आहे, मला परत गोदामात पाठवा."

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. नाकसाहेबांनी बाटली उघडली, वास घेतला. हा जाईल गोदामात, खुर्ची पुन्हा आपली एकट्याची. नुसतं 'बरं' म्हटलं तरी काम भागत होतं.

"तुरट नाही ती," ते म्हणाले. "मी खोटं लिहिलं."

"का?"

"तुझं नाक माझ्यापेक्षा चांगलं आहे म्हणून."

साडू बाटली तिथेच टाकून चप्पल घालून निघून गेला. बायको एवढंच म्हणाली, "उद्या बाईंना स्वतः जाऊन सांगा. कुणाच्या तोंडून कळायला नको."

त्यांनी सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि परीक्षकांचं प्रमुखपद काढून दुसऱ्याला दिलं. साडूची व्हिस्की बाजारात गेली आणि चांगली खपली. चार महिने तो शेजारच्या खुर्चीवर बसून कामापुरतंच बोलायचा. पाचव्या महिन्यात एक दिवस त्याने एक ग्लास त्यांच्यापुढे सरकवला. "यात मला काहीतरी खटकतंय. बघा जरा."

नाकसाहेबांनी हुंगलं. काही खटकण्याजोगं नव्हतं, व्हिस्की उत्तम होती. छातीत जुनी कळ उठलीच. त्यांनी ग्लास खाली ठेवला, पुन्हा उचलला, उगाच पाणी घातलं.

"काही नाही खटकत," शेवटी ते म्हणाले. "आहे तशी राहू दे." एवढं बोलायला त्यांना अर्धा तास लागला होता.