भाऊसाहेबांची बावीस हवा

“ही चाकं मी तुमच्या गाडीला लावणार न्हाई, भाऊसाहेब. आहेत तशी परत डिकीत टाका.”

भाऊसाहेबांचा चेहरा पडला. रजा टाकून, पुण्याला जाऊन त्यांनी ती सतरा इंची चकचकीत अलॉय व्हील आणली होती. वर रुंद, चपटे टायर. देखणी होती, यात वाद नाही. वरव्याजवळ हायवेला लागून आमचं टायरचं दुकान आहे आणि गेली अठरा वर्षं ते मी चालवते. दिसण्यावर भाळून टायर मागणारी माणसं रोज येतात. बहुतेकांशी मी वाद घालत नाही, लावून देते. पण भाऊसाहेबांचं काम वेगळं होतं.

ते वेल्ह्यात सरकारी नोकरीत कारकून. वय पन्नास, खिशाला दोन पेनं, काखेत कायम एक फाइल. या माणसाला ड्रॅग रेसचा नाद असेल असं सांगूनही कुणाला पटणार नाही. ड्रॅग रेस म्हणजे चारशे मीटरचा सरळ रस्ता आणि शेजारी शेजारी दोन गाड्या. हिरवा दिवा लागला की सुटायचं. वर्षातून एकदा एका जुन्या धावपट्टीवर परवानगी काढून ती भरते. रोज नोकरीवर जायची साधी गाडी घेऊन भाऊसाहेब तिथं जायचे.

मागच्या वर्षी दिवा लागला, त्यांनी ॲक्सिलेटर दाबला, आणि गाडी जागच्या जागी चाकं फिरवत धूर काढत बसली. शेजारचा निघूनही गेला. कुणीतरी व्हिडिओ काढला आणि तो वेल्ह्याच्या बाजारभर फिरला. टपरीवर लोक त्यांना ‘धूरसाहेब’ म्हणू लागले. शेवटी वहिनींनी बजावलं, “यंदा पयल्याच फेरीत हरला, तर गाडी इकायची.” आणि भाऊसाहेबांनी तसा शब्द दिला होता. रेस पुढच्या रविवारी होती.

“पण ताई, रुंद टायरला जास्त पकड असते ना?”

“नुसत्या रुंदीनं काय व्हतं? या माझ्यासंगं.”

शेजारच्या भुसार दुकानात धान्याचा काटा आहे. त्यावर मी त्यांचं नवं चाक टायरसकट ठेवलं. साडेअठरा किलो भरलं. मग आमच्याकडचं चौदा इंची हलकं अलॉय, टायरसकट. साडेबारा.

“इंजिनाला गाडी तर वढायचीच आहे, वर हे चाकबी फिरवायचंय. सहा किलो फुकटचं कशाला फिरवायचं?”

भाऊसाहेबांनी फाइल उघडून दोन्ही आकडे लिहून घेतले.

रिम लहान घेतला की टायरची भिंत उंच मिळते. भिंत म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंतची रबराची उभी बाजू. चपट्या टायरची भिंत ताठ असते. झटका बसला की ती दबत नाही, टायर सरळ घसरतो. उंच भिंत आधी दबते, झटका पोटात घेते आणि मग गाडीला पुढं ढकलते. शिवाय त्यांची गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी. एसटी सुटताना उभी माणसं मागं जातात ना, तसं गाडी सुटताना तिचं वजन मागं जातं. म्हणजे ज्यांनी ओढायचं तीच चाकं ऐन वेळी हलकी होतात. म्हणून चांगला टायर फक्त पुढं. मऊ रबराचा, पण रस्त्यावर चालवायला परवानगी असलेला, कारण रेसचा नियमच तसा होता. मागं कंपनीचे जुने, टणक टायर राहू द्यायचे. त्यांना नुसतं गडगडत यायचंय.

इथं मला हाव सुटली. चौदा चांगलं तर तेरा आणखी चांगलं, म्हणून मी तेरा इंची रिम चढवून बघितला. नट आवळले, चाक फिरवलं, आणि खर्रकन आवाज आला. आतला ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे ब्रेक दाबणारा लोखंडी पंजा, रिमला घासत होता. अठरा वर्षांनी असली चूक! मी निमूटपणे चाक उतरवलं. भाऊसाहेबांनी तेही लिहून घेतलं, याचा मला राग आला.

चौदा इंची मात्र चपखल बसला. कॅलिपर आणि रिम यांच्यात माझं बोट जाईल एवढी फट राहिली.

राहिली हवा. टायरचं काम मी शिकले ते ट्रॅक्टरवर. उत्रोलीच्या भातखाचरात, लावणीआधी चिखलणी करताना, ट्रॅक्टरची चाकं जागेवर फिरायला लागली की जाणता माणूस मागच्या टायरची हवा कमी करतो. टायर पसरतो, जास्त रबर टेकतं आणि ट्रॅक्टर निघतो. हे मला कुठल्या पुस्तकानं नाही शिकवलं, गुडघाभर चिखलानं शिकवलं.

“जाताना हवा पूर्ण ठेवा,” मी सांगितलं. “तितं पोचल्यावर पुढची दोन्ही चाकं बावीसवर आणा. मागच्यांना हात लावू नका.”

“बावीस? हे लेखी मिळेल का?”

“हे काय हापीस हाय का, भाऊसाहेब? ध्यानात ठेवा की!”

रविवारी सकाळी साडेदहाला फोन आला. मागं इंजिनांचा गोंगाट, आणि भाऊसाहेबांचा आवाज रडवेला.

“ताई, सराव केला. पुन्हा धूर! अर्ध्या तासानं पहिली फेरी आहे.”

अठरा वर्षांची अक्कल मी त्या दोन टायरांवर लावली होती. माणसाची गाडी जाणार होती ती माझ्या शब्दावर.

“हवा किती हाय?”

“बत्तीस. बरोबर बत्तीस. आल्या आल्या तपासली.”

“बावीस सांगितली होती ना म्या?”

“हो, पण दाराच्या आत कंपनीनं छापलंय, बत्तीस. तुमचं बावीस तोंडी होतं. छापील सोडून तोंडी कसं धरायचं?”

मी ओरडले, “फोन ठेवा! लेखी पाठवते!”

आणि मी मेसेज केला. ‘पुढची दोन्ही चाकं बावीस हवा. मागची आहेत तशी. दारावरचं वाचू नये.’ खाली माझं पूर्ण नाव टाकलं. लगेच उत्तर आलं, ‘मिळाले. कार्यवाही करतो.’

पुढचा तासभर मी एकाच टायरचं पंक्चर दोनदा तपासलं. गिऱ्हाइकानं विचारलं, “बरं न्हाई का, ताई?”

फोन वाजला. भाऊसाहेब आधी नुसते हसत होते. मग एका दमात सांगितलं. पहिल्या फेरीत शेजारी सतरा इंची चकचकीत चाकांचा एक तरुण होता. दिवा लागला आणि धूर निघाला तो त्याचा. भाऊसाहेब दोन गाड्यांच्या अंतरानं पुढं. दुसरी फेरीही जिंकले. तिसरीत हरले, पण समोर भारी इंजिन होतं म्हणून. चाक एकदाही जागेवर फिरलं नाही. गिऱ्हाईक गेलं होतं, दुकानात मी एकटीच होते. मोठ्यांदा “शाब्बास!” म्हणाले. ते निम्मं भाऊसाहेबांना होतं आणि निम्मं मला. खोटं कशाला बोलू?

मंगळवारी ते रोजचे टायर परत चढवायला आले. गाडीतून उतरून दोन्ही हातांनी मला एक पाकीट दिलं. आत टाइप केलेलं पत्र.

‘विषय : योग्य टायर निवडून दिल्याबाबत आभार. संदर्भ : आपला रविवारचा मोबाईल संदेश. उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, सदर वाहन विकण्याचा प्रस्ताव सौ. यांनी रद्द केला आहे.’

खाली वहिनींचीही सही होती.

ते पत्र आता हवेच्या मशीनच्या वर, काचेत लावलंय. नवं गिऱ्हाईक आलं की आधी तिकडंच बघतं आणि मी ते वाचून होईपर्यंत थांबते. रबर, रिम, हवा हे सगळं मला येत होतं. एक नवीन शिकले. आता टायर कुणाचाही असो, त्यावर पिवळ्या खडूनं हवेचा आकडा लिहिल्याशिवाय मी गाडी दुकानाबाहेर सोडत नाही.