नुसती बॅटरी बदलायची होती

"पॉकेट इन्फेक्शन आहे. डबी काढावी लागेल, ताराही." एवढं बोलून डॉक्टर हात धुवायला वळले. आबा, माझे वडील, उघड्या छातीनं पलंगावर बसले होते. डाव्या खांद्याखालची जखम उकलून तिच्यातून पाणी येत होतं.

ज्यांच्या घरात असा पेशंट आहे, त्यांच्यासाठी सगळं सरळ सांगते. आम्हाला कुणी सांगितलं नाही म्हणून.

आबांना आयसीडी बसवली होती, म्हणजे छातीच्या कातडीखाली खिसा करून ठेवलेली छोटी डबी; त्या खिशाला डॉक्टर पॉकेट म्हणतात. तिच्या तारा शिरेतून हृदयात जातात. ठोके भलतेच सुटले की ती आतून शॉक देते. आबा त्या शॉकनं एकदा वाचलेत. बॅटरी संपत आली की अख्खी डबी बदलतात. "बॅटरी बदलायची, दुसऱ्या दिवशी घरी," असं सांगून आम्हाला बोलावलं. बदलताना जंतुसंसर्गाचा धोका पहिल्या वेळेपेक्षा जास्त असतो, हे कळलं नंतर. आबांनी तर तालमीत सांगून टाकलं होतं, "घड्याळाचा सेल बदलत्यात, तसं हाय."

घरी आल्यावर तिथं सूज आली. हिमॅटोमा, म्हणजे आत साठलेलं रक्त. आबांच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या. हॉस्पिटलला फोन केला. "उतरेल, सोमवारी दाखवा." हात लावू नका, हे तीन शब्द फोनवरच्या माणसाला जड झाले.

आणि आमच्याकडं सूज म्हटलं की तालीम आठवते. आबांचे कुस्तीतले जोडीदार दत्तूकाका. निम्म्या पेठेचे मुरगळलेले खांदे त्यांनी चोळलेत. ते आंबेहळद आणि रक्तबोळाचा कढत लेप घेऊनच आले.

"डॉक्टरांना विचारूया का?" मी म्हणाले.

"सूज हाय की ही. सुजंला डॉक्टर कशाला?"

"लाव तू," आबा म्हणाले. "लई ठणकतंय."

सोमवारपर्यंत रोज लेप लागला. सोमवारी जखम उकललेली.

"लेपानंच झालं का?" मी डॉक्टरांना विचारलं.

"सांगता येत नाही. रक्त साठलं तेव्हाच धोका वाढला होता. लेपानं कातडी भाजली, ती त्यात भर."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"लोक घाबरतात."

घाबरायचं की नाही ते आमचं आम्ही ठरवलं असतं. संघटनेची कार्यकर्ती, कुठल्याही ऑफिसच्या दारात बसून घोषणा देणारी मी, तिथं सही कुठं करायची ते विचारलं. आबांच्या हृदयातल्या तारा ओढणारा हात त्याच माणसाचा होता. त्याच्यावर ओरडू कशी?

तारा जुन्या, आत चिकटलेल्या. ओढताना शीर किंवा हृदय फाटू शकतं. ठेवल्या तर जंतू रक्तात पसरतात. नुसत्या अँटिबायोटिक गोळ्यांनी भागत नाही. दोन्हीकडं खड्डा, आणि मी सही करून बाकड्यावर. दत्तूकाका बसलेच नाहीत. "माझ्या हातानं झालं, पोरी," एवढंच म्हणाले.

तारा निघाल्या. आबा वाचले. आता डबीशिवाय आयसीयूत आहेत. ठोके सुटले तर नर्सनं धावायचं. रक्त साफ झालं की उजव्या बाजूला नवी डबी बसवायची. कधीतरी तिचीही बॅटरी संपणार.

काल डॉक्टर राउंडला आले तेव्हा मी आणि काका पलंगाजवळच होतो. आबांनी विचारलं, "परत न्हाय बसवली तर?"

"कदाचित काही होणार नाही," डॉक्टर म्हणाले. "किंवा घरी ठोके सुटतील आणि शॉक द्यायला कुणी नसेल."

आबा माझ्याकडं बघायला लागले. "सांग की. गावाला सांगत फिरतीस."

मी डॉक्टरांकडं वळले. काकांनीच डॉक्टरांना विचारलं, "सायेब, ह्या खेपंला सूज आली तर?"

"चोळायचं नाही, शेकायचं नाही. लगेच इथं आणायचं."

"व्हय," काका म्हणाले. "मग बसवा."

आबांनी त्यांच्याकडं बोट केलं. "आदी ह्येचं हात बांधा," ते म्हणाले, "मग बसवा."

डॉक्टर हसले. काका हसले नाहीत. त्यांनी खरंच दोन्ही हात पुढं केले. मी ते धरले.